हमी नसलेल्या सॉफ्टवेअरवर विश्वास कशाच्या बळावर?

डेबियन ही लिनक्स प्रणाली बसवलेल्या सर्व्हरवर लॉगिन केले की पडद्यावर एक छोटी सूचना येते. प्रणालीतले प्रोग्रॅम मुक्त सॉफ्टवेअर आहेत, प्रत्येकाच्या वितरणाच्या अटी त्या त्या पॅकेजसोबतच्या फाइलमध्ये दिल्या आहेत आणि कायद्याने मुभा असेल तिथवर या प्रणालीला कसलीही हमी नाही, असा तिचा आशय असतो. शेवटचे वाक्य वाचून नवख्या माणसाच्या मनात पाल चुकचुकते. फुकट मिळालेल्या वस्तूला हमी नसायचीच, पैसे मोजून घेतलेल्या लिनक्सला मात्र ती मिळत असेल, असा समज करून घेणे सोपे असते. परवान्यांचा मजकूर नीट वाचला तर हा समज टिकत नाही. पैसे मोजून घेतलेल्या सॉफ्टवेअरचे करारही हमी जवळजवळ तितकीच नाकारतात. त्यामुळे समाजाने चालवलेली पॅकेजे आणि कंपनीने पुरवलेली पॅकेजे यांची तुलना हमीच्या मजकुरावरून करता येत नाही. ती करायची तर दुसरे निकष लावावे लागतात.

हमी म्हणजे काय आणि ती का नाकारली जाते

विक्रीच्या कायद्यात हमीचे दोन प्रकार असतात. विक्रेत्याने शब्दांत किंवा लेखी दिलेली ती स्पष्ट हमी. कोणी काही न बोलताही कायदा जी धरून चालतो ती गर्भित हमी. विकलेला माल त्या प्रकारच्या मालाच्या सामान्य वापराला योग्य असावा, आणि ग्राहकाने आपली गरज सांगून विक्रेत्याच्या जाणकारीवर भिस्त ठेवली असेल तर त्या गरजेला तो पुरा पडावा, अशी ही अपेक्षा आहे. भारतात १९३० च्या माल विक्री कायद्याचे कलम १६ याच विषयावर आहे. त्याच कायद्याच्या कलम ६२ प्रमाणे दोन्ही पक्षांना करार करून गर्भित अटी बाजूला ठेवता येतात. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या २००४ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, डिस्क वा तत्सम माध्यमावर तयार विकले जाणारे सॉफ्टवेअर हा माल आहे, असा निर्णय दिला. खटला विक्रीकराचा होता, पण सॉफ्टवेअरला मालाचे नियम लागू शकतात हे त्यातून ठळक झाले.

अमेरिकेत या विषयाची मांडणी समान व्यापारी संहितेच्या कलम २-३१६ मध्ये आहे. गर्भित हमी नाकारायची असेल तर तसे स्पष्ट म्हटले पाहिजे आणि लेखी मजकूर वाचणाऱ्याच्या नजरेत भरेल असा असला पाहिजे, असे ते कलम सांगते. माल ‘जसा आहे तसा’ विकत असल्याचे सांगूनही गर्भित हमी काढून टाकता येते. एमआयटी, बीएसडी आणि जीपीएल या परवान्यांतले हमी नाकारणारे परिच्छेद मोठ्या इंग्रजी अक्षरांत छापलेले असतात, त्याचे मूळ या नियमात आहे.

फुकट देणाऱ्याला हा मजकूर का लागतो, हे उघड आहे. एखाद्या विद्यार्थ्याने लिहिलेला छोटा प्रोग्रॅम पुढे कोणी रुग्णालयात वापरेल, कोणी बँकेत, कोणी कारखान्यात. लिहिणाऱ्याला त्यातून एक पैसा मिळालेला नसतो, वापर कुठे होतो याची त्याला खबरही नसते. अशा माणसावर अमर्याद नुकसानभरपाईचा बोजा पडणार असेल तर कोणी काही प्रसिद्धच करणार नाही. म्हणून जून १९९१ मध्ये आलेल्या जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीतली कलमे ११ आणि १२ सांगतात की प्रोग्रॅम सदोष निघाला तर दुरुस्तीचा खर्च वापरणाऱ्याचा, आणि वापरातून झालेल्या नुकसानीला लेखक किंवा वितरक जबाबदार नाही. २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीत हाच आशय कलम १५ आणि १६ मध्ये आहे.

जीपीएलमधली एक तरतूद मात्र सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. दुसऱ्या आवृत्तीच्या पहिल्याच कलमात, वितरकाला वाटल्यास तो शुल्क घेऊन हमीचे संरक्षण देऊ शकतो, असे म्हटले आहे. लेखकाने हमी नाकारली तरी मधल्या कोणी ती स्वतःच्या जबाबदारीवर द्यायला परवान्याची आडकाठी नाही. लिनक्सच्या व्यापाराला ही वाट पहिल्यापासून मोकळी होती. तरीही त्या वाटेने फारच थोडे गेले.

पैसे मोजूनही हमी का मिळत नाही

व्यापारी सॉफ्टवेअरच्या करारांत सहसा एक मर्यादित हमी असते. सॉफ्टवेअर सोबतच्या माहितीत वर्णन केल्याप्रमाणे बहुतांशी चालेल, इतकेच ती म्हणते, आणि तेही ठरावीक मुदतीपुरते. त्यापलीकडच्या सगळ्या हमी नाकारलेल्या असतात. भरपाईची मर्यादा बहुधा ग्राहकाने मोजलेल्या किमतीइतकी असते. व्यवसाय बुडाला, विदा गेली, वेळ वाया गेला, तर त्याची भरपाई या मर्यादेबाहेर राहते.

अमेरिकेतला मॉर्टेन्सन विरुद्ध टिंबरलाइन हा खटला या बाबतीत फार बोलका आहे. मॉर्टेन्सन ही बांधकाम कंपनी. तिने डिसेंबर १९९३ मध्ये सिअॅटलमधल्या एका वैद्यकीय केंद्राच्या कामासाठी टिंबरलाइनच्या सॉफ्टवेअरवर निविदेचा आकडा काढला. सॉफ्टवेअरमधल्या दोषामुळे आकडा सुमारे साडेएकोणीस लाख डॉलरने कमी निघाला आणि त्या आकड्यावर काम मिळाले. दोष टिंबरलाइनला ठाऊक होता, काही ग्राहकांना दुरुस्त आवृत्ती दिलीही गेली होती. तरी वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००० साली परवान्यातली मर्यादा ग्राह्य धरली. मॉर्टेन्सनला सॉफ्टवेअरच्या किमतीपलीकडची भरपाई मिळण्याची वाट बंद झाली.

विक्रेत्यांच्या या सावधपणाला तांत्रिक आणि आर्थिक कारणे आहेत. एकच प्रोग्रॅम हजारो प्रकारच्या यंत्रांवर, वेगवेगळ्या प्रणालींवर, इतर असंख्य प्रोग्रॅमांच्या शेजारी चालतो, आणि या सगळ्या जुळण्या तपासून पाहणे कोणालाही शक्य नसते. दुसरे असे की नुकसानीचा विक्रीच्या किमतीशी काही संबंध नसतो. हजार रुपयांच्या प्रोग्रॅममधली एक चूक कोटींचा व्यवहार अडवू शकते. तिसरी अडचण सर्वांत मोठी: एकच चूक एकाच वेळी सगळ्या ग्राहकांकडे पोहोचते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचे एक सदोष अद्यतन जगभर गेले आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. विमानसेवा, रुग्णालये आणि बँका एकाच दिवशी अडकल्या. अशा नुकसानीची पूर्ण हमी कुठल्याही विक्रेत्याला परवडणारी नाही, आणि विमा कंपनीलाही तिचा हप्ता ठरवणे जड जाईल.

हमी नाकारणाऱ्या मजकुरातून एवढेच कळते की बिघाड झाला तर खर्च कोण सोसणार. सॉफ्टवेअर किती काळजीने लिहिले आहे, त्यात दोष किती आहेत, ते किती लवकर दुरुस्त होतात, यांपैकी काहीही त्यातून कळत नाही. अत्यंत काटेकोर प्रोग्रॅम आणि अत्यंत गबाळा प्रोग्रॅम, दोन्हींच्या परवान्यात हा परिच्छेद शब्दशः एकच असू शकतो.

नकाराला कायद्याच्या मर्यादा

‘कायद्याने मुभा असेल तिथवर’ हे शब्द परवान्यांत उगाच नसतात. हमी किती नाकारता येते, हे देशागणिक बदलते. जर्मनीत छापील, एकतर्फी अटींमधून सगळी जबाबदारी झटकता येत नाही, म्हणून जीपीएलमधला सरसकट नकार तिथे जसाच्या तसा टिकत नाही, असे तिथले कायदेतज्ज्ञ मानतात. मात्र फुकट दिलेल्या सॉफ्टवेअरला देणगीचे नियम लावले तर जर्मन कायद्याप्रमाणे देणाऱ्याची जबाबदारी जाणूनबुजून केलेल्या कृत्यापुरती आणि घोर निष्काळजीपणापुरती उरते. निष्कर्ष जवळपास तोच, रस्ता वेगळा.

युरोपीय संघाने २०२४ मध्ये या बाबतीत मोठे पाऊल टाकले. नव्या उत्पादन दायित्व निर्देशाने सॉफ्टवेअरला उत्पादनाचा दर्जा दिला. ९ डिसेंबर २०२६ नंतर बाजारात आलेल्या उत्पादनांना त्याचे नियम लागू होतात. त्याच वर्षी सायबर सुरक्षेविषयीचा स्वतंत्र कायदाही झाला. त्याची मुख्य बंधने ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतात: उत्पादकाने सुरक्षेतील त्रुटी सांभाळल्या पाहिजेत आणि ठरलेल्या काळापर्यंत अद्यतने पुरवली पाहिजेत. दोन्ही कायद्यांनी व्यापारी व्यवहाराबाहेर लिहिलेले मुक्त सॉफ्टवेअर वगळले आहे. कंपनीने तेच मुक्त सॉफ्टवेअर आपल्या उत्पादनात घालून विकले, तर जबाबदारी त्या कंपनीची. देणगी देणाऱ्याला मोकळे ठेवायचे आणि नफा घेणाऱ्याला बांधायचे, हे या रचनेमागचे तत्त्व न्याय्य आहे.

भारतात २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादन दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि अन्याय्य करारांविरुद्ध तक्रारीची सोय आहे. पण त्या कायद्यातला ग्राहक मोबदला देणारा असावा लागतो, आणि व्यापारी हेतूने केलेली खरेदी त्यातून वगळली जाते. फुकट उतरवून घेतलेल्या पॅकेजच्या दोषाबद्दल या वाटेने भरपाई मागणे म्हणूनच अवघड आहे.

पॅकेज वापरणाऱ्यापर्यंत कसे पोहोचते

लिनक्सवर सॉफ्टवेअर बहुधा पॅकेजच्या रूपात येते. मूळ प्रकल्पाचे लेखक सोर्स कोड प्रसिद्ध करतात. वितरण चालवणारे लोक, म्हणजे डेबियन, फेडोरा, उबुंटू किंवा सुझे यांचे पॅकेज सांभाळणारे, तो कोड घेतात, आपल्या प्रणालीला जुळवतात, लागल्यास त्यात बदल करतात, बांधणी करतात आणि भांडारात ठेवतात. वापरणाऱ्याचा संगणक तिथून ते उतरवून घेतो. म्हणजे एका पॅकेजवर विश्वास ठेवताना किमान तिघांवर विश्वास टाकलेला असतो: मूळ लेखक, वितरणाचा माणूस, आणि बांधणी व साठवण करणारी यंत्रणा.

हा प्रवास वाटेत कोणी बदलू नये यासाठी डिजिटल सही असते. डेबियनमध्ये भांडारातल्या प्रत्येक पॅकेजचा ठसा, म्हणजे त्याच्या मजकुरावरून काढलेला ठरावीक लांबीचा आकडा, याद्यांमध्ये नोंदवला जातो, त्या याद्यांचे ठसे एका मुख्य फाइलमध्ये असतात आणि त्या मुख्य फाइलवर भांडाराच्या किल्लीने सही होते. रेड हॅट, फेडोरा आणि सुझे यांच्या आरपीएम पद्धतीत प्रत्येक पॅकेजवर स्वतंत्र सही असते. या यंत्रणेमुळे पॅकेज कुठल्याही आरशातून, म्हणजे भांडाराची नक्कल ठेवणाऱ्या कुठल्याही सर्व्हरवरून, आले तरी ते मुळातले आहे की नाही हे तपासता येते. पॅकेज कोणाकडून आले, एवढेच ही सही सांगते. आतला मजकूर निर्दोष आहे याची खात्री ती देत नाही.

समाजाने चालवलेली सगळी वितरणे एका मापाने मोजता येत नाहीत. इयन मर्डॉक यांनी ऑगस्ट १९९३ मध्ये सुरू केलेल्या डेबियनमध्ये अधिकृत विकासक होण्यासाठी ओळख पटवावी लागते आणि कामाची कसोटी द्यावी लागते. नवे पॅकेज आधी ‘अनस्टेबल’ शाखेत जाते. तिथे काही दिवस गंभीर दोष न दिसल्यास ते ‘टेस्टिंग’ शाखेत सरकते, आणि साधारण दोन वर्षांनी त्यातून ‘स्टेबल’ आवृत्ती निघते. २०२३ च्या डेबियन १२ मध्ये अशी ६० हजारांहून अधिक पॅकेजे होती. डेबियनच्या १९९७ च्या सामाजिक करारात अडचणी लपवणार नाही असे वचन आहे, आणि दोषांची नोंदवही सर्वांसाठी खुली आहे. याउलट आर्च लिनक्सचे वापरकर्त्यांनी चालवलेले भांडार कोणालाही खुले आहे. तिथे बांधणीची कृती कोणीही टाकू शकतो आणि सोडून दिलेले पॅकेज कोणीही सांभाळायला घेऊ शकतो. २०१८ मध्ये असे एक बेवारस पॅकेज ताब्यात घेऊन त्यात घातक कोड घातला गेला होता. या भांडारातली कृती वापरण्यापूर्वी स्वतः वाचून पाहावी, असे आर्चचे लोक सुरुवातीपासून सांगतात. डेबियनचे मुख्य भांडार आणि हे भांडार दोन्ही समाजाचीच आहेत, पण त्यांच्यावरचा विश्वास एका तराजूत तोलता येणार नाही.

व्यापारी लिनक्समध्ये पैसा कशाचा

रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स, सुझे लिनक्स एंटरप्राइज आणि उबुंटू प्रो यांची विक्री वार्षिक वर्गणीवर चालते. सॉफ्टवेअर बहुतांश मुक्त परवान्याखालचेच असल्यामुळे वर्गणी प्रामुख्याने सेवेची असते. तिच्यातून मिळणारी पहिली गोष्ट म्हणजे दीर्घ मुदत. रेड हॅट आपल्या मुख्य आवृत्त्यांना १० वर्षे सांभाळते. उबुंटूची दीर्घकालीन आवृत्ती ५ वर्षांची असते आणि प्रो वर्गणीत ती १० वर्षांपर्यंत वाढते. या काळात पॅकेजची मूळ आवृत्ती फारशी बदलत नाही. नव्या आवृत्तीतली सुरक्षेची दुरुस्ती काढून जुन्या आवृत्तीत बसवली जाते. हे काम किचकट, कंटाळवाणे आणि न दिसणारे आहे. वर्गणीचा मोठा वाटा इथे सत्कारणी लागतो.

दुसरी गोष्ट म्हणजे ठरलेल्या वेळेत दाद देणारा माणूस. गंभीर बिघाड झाला तर किती तासांत प्रतिसाद मिळेल, हे करारात लिहिलेले असते. तिसरी, प्रमाणन: अमुक सर्व्हर, अमुक डेटाबेस या प्रणालीवर तपासलेला आहे अशी नोंद, किंवा अमेरिकी सरकारच्या कूटलेखन मानकांची मान्यता. सरकारी निविदांत आणि बँकांत या कागदांना वजन असते. चौथी, कायदेशीर पाठराखण. २००३ मध्ये एससीओ कंपनीने लिनक्समध्ये आपला कोड असल्याचा दावा करून आयबीएमवर खटला भरला, तेव्हा लिनक्स वापरणाऱ्या कंपन्यांत धास्ती पसरली. त्यानंतर लिनक्स विक्रेत्यांनी बौद्धिक संपदेच्या दाव्यांपासून ग्राहकांना संरक्षण देण्याच्या योजना आणल्या. लिनक्सच्या जगात हमीच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट हीच, आणि तिचा रोख हक्कांच्या वादावर आहे. प्रोग्रॅम बिघडला तर ती उपयोगी पडत नाही.

सेवा कौशल्याने दिली जाईल, इतपत आश्वासन या करारांत असते. त्याखेरीज सॉफ्टवेअर ‘जसे आहे तसे’च दिले जाते आणि भरपाई दिलेल्या शुल्काशी बांधलेली असते. वर्गणीदाराला नुकसानभरपाईची खात्री मिळत नाही. त्याच्या पदरात पडते ती ठरलेल्या मुदतीपर्यंत दुरुस्ती होत राहण्याची बांधिलकी. कामाच्या दृष्टीने तिचे मोल जास्त आहे, कारण बंद पडलेला सर्व्हर भरपाईच्या धनादेशाने सुरू होत नाही.

दोन्ही बाजूंचा कोड तर मोठ्या प्रमाणात एकच असतो. फेडोरात रुळलेले काम सेंटओएस स्ट्रीम या मधल्या वितरणातून रेड हॅटच्या व्यापारी आवृत्तीत जाते. उबुंटू डेबियनच्या पायावर उभे आहे. ओपनसुझे लीपने २०२१ च्या १५.३ आवृत्तीपासून सुझेच्या व्यापारी आवृत्तीतली बांधलेली पॅकेजेच वापरायला घेतली. कधी ही सीमा एकाच प्रणालीच्या आतून जाते. उबुंटूच्या ‘मेन’ भागातली पॅकेजे कॅनॉनिकल कंपनी स्वतः सांभाळते, तर कित्येक पटींनी मोठ्या ‘युनिव्हर्स’ भागाची भिस्त समाजावर आहे. युनिव्हर्समधल्या पॅकेजांना कंपनीकडून सुरक्षेची अद्यतने हवी असतील तर प्रो वर्गणी लागते. ती वैयक्तिक वापरासाठी ५ संगणकांपर्यंत मोफत आहे. उबुंटू कंपनीचे आहे म्हणून त्यातले प्रत्येक पॅकेज कंपनीच्या देखरेखीखाली आहे, असे धरून चालणे चुकीचे ठरते.

संकटाच्या वेळी दोन्ही बाजू कशा वागल्या

विश्वासाची खरी परीक्षा बिघाडाच्या दिवशी होते. २००८ या एकाच वर्षात तशी दोन उदाहरणे घडली, एक समाजाच्या वितरणात आणि एक कंपनीत.

डेबियनमध्ये २००६ साली ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या पॅकेजमधल्या काही ओळी काढल्या गेल्या. कोड तपासणारे साधन त्या ओळींबद्दल इशारे देत होते, म्हणून हा बदल झाला. पण गुप्त किल्ल्या तयार करताना लागणारा यादृच्छिकपणा त्या ओळींतून येत होता. त्या गेल्यावर प्रत्येक प्रकारच्या व लांबीच्या किल्लीसाठी जेमतेम ३३ हजार शक्यता उरल्या, आणि इतक्या शक्यता साध्या संगणकालाही सहज तपासता येतात. दोष १३ मे २००८ रोजी जाहीर झाला. तोवर डेबियन आणि उबुंटूवर तयार झालेल्या असंख्य किल्ल्या कुचकामी ठरल्या होत्या. वितरणाने केलेला बदल मूळ लेखकांच्या नजरेखालून नीट गेला नाही, ही यातली गंभीर चूक. मात्र शोध लागल्यावर काहीही झाकले गेले नाही. दुरुस्त पॅकेज आले, कमजोर किल्ल्या ओळखणारे साधन आणि त्यांच्या याद्याही प्रसिद्ध झाल्या.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रेड हॅट आणि फेडोरा यांच्या सर्व्हरांत घुसखोरी झाली. घुसखोराने रेड हॅटच्या व्यापारी आवृत्तीसाठीच्या ओपनएसएसएच या दुरून सुरक्षित लॉगिन करण्याच्या साधनाच्या काही पॅकेजांवर अधिकृत सही करवून घेतली. कंपनीने २२ ऑगस्टला ते जाहीर केले, नवी पॅकेजे दिली आणि घातक पॅकेजे ओळखण्याचे साधन पुरवले. आपल्या नेहमीच्या वितरण मार्गाने ती पॅकेजे ग्राहकांकडे गेली नाहीत, असेही तिने सांगितले. फेडोराने आपल्या सहीच्या किल्ल्या बदलल्या. पगारी कर्मचारी आणि वर्गणीदार असूनही सहीची यंत्रणा भेदली जाऊ शकते, हे यातून दिसले.

सहीची ही मर्यादा डिसेंबर २०२० मध्ये लिनक्सबाहेरच्या सोलरविंड्स प्रकरणात जगाने पाहिली. ओरायन या व्यापारी उत्पादनाच्या बांधणी यंत्रणेतच घुसखोरांनी कोड घातला आणि कंपनीच्या खऱ्या सहीनिशी घातक अद्यतन बाहेर पडले. सुमारे १८ हजार ग्राहकांपर्यंत ते पोहोचले असावे, असे कंपनीने जाहीर केले.

एक्सझेड प्रकरणात तर मूळ प्रकल्पच लक्ष्य झाला. फाइली आवळून लहान करणारे हे छोटे साधन जवळपास प्रत्येक लिनक्सवर असते आणि ते वर्षानुवर्षे एकच स्वयंसेवक प्रामुख्याने सांभाळत होता. जिया टॅन या नावाने २०२१ पासून काम करणाऱ्या व्यक्तीने हळूहळू विश्वास संपादन केला, सांभाळण्याचे अधिकार मिळवले आणि २०२४ च्या सुरुवातीला ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला. तो सुरू करणारा भाग सार्वजनिक कोडच्या इतिहासात नव्हता, प्रसिद्ध केलेल्या संचात तेवढा मिसळलेला होता. शिवाय ओपनएसएसएचशी एक्सझेडचा थेट संबंध नसताना, काही वितरणांनी स्वतः केलेल्या बदलामुळे तो जोडला गेला होता. आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेएसक्यूएलच्या विकासकाला डेबियन अनस्टेबलवर लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो असे दिसले. त्याने मुळाशी जाऊन २९ मार्च २०२४ रोजी सगळा प्रकार उघड केला.

तोवर ही आवृत्ती डेबियनच्या टेस्टिंग व अनस्टेबल शाखांत, फेडोराच्या पूर्वावृत्तीत आणि ओपनसुझे टंबलवीडमध्ये शिरली होती. डेबियन स्टेबल आणि रेड हॅटची व्यापारी आवृत्ती मात्र वाचल्या. समाजाचे स्टेबल आणि कंपनीची आवृत्ती एकाच कारणाने वाचल्या: दोघांनीही नवे घेण्याची घाई केली नाही. चोर सापडला तो कोड खुला असल्यामुळे आणि एका जागरूक माणसाच्या चिकाटीमुळे. फ्रॉइंड त्या वेळी मायक्रोसॉफ्टच्या नोकरीत होते. म्हणजे व्यापारी पगारावरच्या माणसाने समाजाच्या प्रकल्पातला दोष शोधला, आणि त्याचा लाभ दोन्ही गटांना झाला.

टिकण्याची खात्री

पॅकेज आज चांगले असणे पुरेसे नाही, ते पाच वर्षांनीही सांभाळले गेले पाहिजे. या बाबतीत सेंटओएसचा इतिहास लक्षात ठेवण्याजोगा आहे. २००४ पासून रेड हॅटच्या सोर्स कोडवरून बांधलेली ही मोफत प्रणाली जगभरच्या सर्व्हरांवर रुजली होती. २०१४ मध्ये प्रकल्प रेड हॅटच्या छत्राखाली आला. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झाले की २०२९ पर्यंत अपेक्षित असलेली सेंटओएस लिनक्स ८ ची देखभाल २०२१ अखेरच संपेल. अनेक संस्थांना घाईने स्थलांतर करावे लागले. रॉकी लिनक्स आणि अल्मालिनक्स ही नवी वितरणे त्यातून जन्मली. प्रणाली समाजाची असली तरी तिच्या नाड्या एका कंपनीच्या हाती असतील तर कंपनीचा निर्णय तिला लागू होतो, हा यातला धडा. उलट डेबियनवर कोणा एका कंपनीची मालकी नाही, आणि ते १९९३ पासून अखंड चालू आहे.

पगारी हातांवाचून सगळे निभावते, असे मात्र नाही. डेबियनच्या जुन्या आवृत्त्यांची पाच वर्षांपर्यंतची काळजी घेणारा उपक्रम पुरस्कर्त्या संस्थांच्या पैशावर चालतो. ओपनएसएसएलमधली हार्टब्लीड ही त्रुटी एप्रिल २०१४ मध्ये उघड झाली, तेव्हा जगाच्या सुरक्षित व्यवहारांचा भार वाहणारा तो प्रकल्प किती तुटपुंज्या मनुष्यबळावर उभा आहे, हे सर्वांना कळले. त्यानंतर लिनक्स फाउंडेशनने मोठ्या कंपन्यांकडून निधी जमवून अशा प्रकल्पांना मदत देण्याची योजना सुरू केली. एक्सझेडने दहा वर्षांनी दाखवून दिले की ही मदत सगळ्या गरजूंपर्यंत पोहोचलेली नाही.

निवड करताना

पॅकेज निवडताना ते समाजाचे की कंपनीचे, हा प्रश्न पहिला नसावा. आधी पाहावे की ते नेमक्या कोणत्या भांडारातून येते आणि तिथे कोणालाही काही टाकता येते का. मग ते कोण सांभाळते, एकटा माणूस की गट. सुरक्षेच्या त्रुटी जाहीर करण्याची पद्धत आहे का, मागच्या दुरुस्त्या किती दिवसांत आल्या, आणि देखभालीची मुदत कधी संपते. सोर्स कोडपासून तेच पॅकेज पुन्हा जसेच्या तसे बांधून पडताळता येते का, हाही प्रश्न आता विचारता येतो. डेबियनमध्ये २०१३ पासून या दिशेने पद्धतशीर काम चालले आहे आणि इतर वितरणेही त्यात सामील आहेत.

त्यानंतर स्वतःच्या बळाचा अंदाज घ्यावा. ज्या संस्थेत लिनक्स जाणणारी माणसे आहेत, दोषांच्या सूचना रोज वाचल्या जातात आणि अद्यतने वेळेवर चढवली जातात, तिथे डेबियनसारखे वितरण विनावर्गणी उत्तम चालते. जिथे तशी माणसे नाहीत, रात्री दोन वाजता उत्तर देणारा कोणी हवा आहे, किंवा नियामकाला प्रमाणपत्र दाखवायचे आहे, तिथे वर्गणीचा खर्च योग्य आहे. भारतात हा निर्णय सरकारी पातळीवरही घ्यावा लागतो: २०१५ पासून केंद्र सरकारचे मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण आहे, आणि पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने तयार केलेली बॉस ही प्रणाली डेबियनवर आधारलेली आहे. अशा ठिकाणी परवान्याचे शुल्क वाचते. मात्र सांभाळणाऱ्या माणसांची तरतूद अंदाजपत्रकात नसेल तर ती बचत फसवी ठरते.

दोन्ही वाटांवर वापरणाऱ्याची काही कामे कोणीही दुसरा करणार नाही. विदेची प्रत वेगळ्या जागी ठेवावी आणि ती परत चढवून पाहावी, अनोळखी भांडारे जोडू नयेत, सहीची तपासणी बंद करू नये, अद्यतन आधी दुय्यम यंत्रावर चालवावे. ज्या मोफत पॅकेजांवर व्यवसाय उभा आहे त्यांच्या प्रकल्पांना पैसा, वेळ किंवा नेमकी दोष-सूचना द्यावी. नुकसान भरून देण्याची हमी समाज आणि कंपनी यांपैकी कोणीही देत नाही. ज्या प्रकल्पाचा कोड खुला आहे, ज्याच्या चुका जाहीर होतात आणि ज्याला सांभाळणारी माणसे टिकून आहेत, त्याच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही, आणि तो विश्वास टिकावा यासाठी त्या माणसांना बळ देणे हे वापरणाऱ्याचेच काम आहे.